उजेड जाड, सावली पातळ

बिराजदार सरांनी ते चित्र रिक्षातून आणलं, तेव्हा ते एका जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं. जिना चढताना चादरीच्या टोकातून वाळलेल्या रंगाचे खपले पायऱ्यांवर सांडत आले. सुकन्या मागून येत होती. तिनं ते एकेक करून वेचले आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवले.

सुकन्या ज्याच्याकडे काम करायची त्या गुरूचा स्टुडिओ म्हणजे अशोक चौकाच्या मागच्या गल्लीतल्या एका यंत्रमाग कारखान्यावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर माग चालायचे आणि वरची फरशी बारीक थरथरत राहायची. गुरूचे आजोबा तेलंगणातून विणकामासाठी सोलापुरात आले. वडिलांनी माग चालवले. गुरू आता चादरी-टॉवेलांची डिझाइनं कॉम्प्युटरवर करून देत होता. अलीकडे त्यानं मंगल कार्यालयांच्या आणि लॉजच्या भिंतींसाठी कॅनव्हासवर छापलेली चित्रंही सुरू केली होती. ती चित्रं सुकन्या काढायची. ती सांगोल्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. चार वर्षांपूर्वी कोर्ससाठी शहरात आली आणि इथंच राहिली. तिनं आयुष्यात जे काही रंगवलं ते काळ्या पाटीसारख्या टॅब्लेटवर, प्लॅस्टिकच्या पेननं. तेलरंगाची ट्यूब तिनं कधी पिळून पाहिली नव्हती.

सरांनी चादर सोडली. चित्र चार फूट रुंद असेल. सुगीच्या दिवसातलं शाळूचं रान होतं, उन्हं कलायला आलेली. रंग इतका जाड की कणसं कॅनव्हासमधून बाहेर आल्यासारखी वाटत होती. पण डावीकडचा खालचा कोपरा गेला होता. तिथं उघडं कापड दिसत होतं, पिवळट, ओलीचे डाग पडलेलं.

"पोराच्या घरी भिंतीत ओल शिरली," सर म्हणाले. "वरची टाकी गळत होती, कुणाला कळलंच नाही. खाली उतरवायला गेलो तर एवढा भाग हातात आला."

"तिथं काय होतं सर?" सुकन्यानं विचारलं.

"मेंढरं."

सरांनी पिशवीतून एक काळा-पांढरा फोटो काढला. प्रदर्शनातला होता. काळ्या मिशांचे, तरुण बिराजदार सर हातात प्रशस्तिपत्र घेऊन उभे होते आणि त्यांच्या खांद्यामागं हेच चित्र, अखंड. कोपऱ्यात मेंढरांचा कळप होता, बोटभर जागेत दिसणारा काळा पुंजका.

सर वळसंगच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. छत्तीस वर्षं नोकरी केली, आता जुळे सोलापुरात मुलाकडे राहत होते. वळसंगच्या वाचनालयानं नवीन खोली बांधली होती आणि तिथं लावायला त्यांच्याकडे हे चित्र मागितलं होतं. सरांनी हात पुढे केला. बोटं आपली आपण हलत होती.

"ह्या हातानं आता सही पण होत नाही," ते म्हणाले. "आणि फाटकं चित्र गावाला द्यायचं कसं?"

गुरूनं चित्राभोवती एक फेरी मारली. "सर, मूळ चित्राला आम्ही हात लावत नाही. त्याचा बारीक फोटो घेतो. गेलेला भाग सुकन्या कॉम्प्युटरवर भरते आणि सगळं मिळून कॅनव्हासवर छापून देतो. चालतंय का?"

"सपाट दिसेल की ते."

"दिसणार नाही. ही पोरगी जाड रंग काढते कॉम्प्युटरवर. बघणारा बोट लावून बघतोय."

गुरूदादा गिऱ्हाइकासमोर नेहमी असंच बोलायचा.

*

पहिल्या आठवड्यात तिला काहीच जमलं नाही.

कॉम्प्युटरवर जाड रंग काढायची सोय असते. ब्रशला किती रंग लावायचा, केस किती राठ ठेवायचे, रंगाचा थर किती उंच चढू द्यायचा, उजेड कुठून पडतोय असं समजायचं, हे सगळं ठरवता येतं. मग पेन ओढला की पडद्यावर रंगाचा वरंबा उठतो, त्याच्या एका बाजूला चकाकी येते आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. लॉजच्या भिंतीवरच्या फुलांना तेवढं पुरत होतं. पण सरांच्या चित्राशेजारी तिनं दोन मेंढरं काढून पाहिली, तर ती नुकत्याच पुसलेल्या रेक्झिनची वाटायला लागली. सगळीकडे सारखीच जाडी आणि सारखीच चकाकी.

सर एक दिवसाआड यायचे. दुपारचं जेवण करून सिटी बस पकडायचे, जिना हळूहळू चढायचे आणि खिडकीपाशी बसायचे. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, तरी ते पडद्याकडे टक लावून पाहायचे.

"तू सगळीकडे सारखाच रंग थापतेस," एका दुपारी ते म्हणाले. "शेणानं सारवल्यासारखा."

"मग कसा पाहिजे सर?"

"उजेड जाड, सावली पातळ. उन्हाचा रंग चपट्या सुरीनं भरपूर उचलायचा आणि ठेवून द्यायचा. चोळायचा नाही. सावलीला नुसता हात पुसल्यासारखा करायचा, खालचं कापड दिसलं पाहिजे. आणि रंग पाटीवर पुरा मिसळायचा नाही. अर्धा कच्चा राहू द्यायचा. म्हणजे एकाच फटकाऱ्यात पिवळा पण निघतो आणि तांबडा पण."

त्या दिवशी सर गेल्यावर सुकन्यानं पुडीतला एक खपला काढला आणि खिडकीच्या उन्हात धरला. काठावर थर दिसत होते, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. सगळ्यात खाली विटकरी, त्यावर करडा, त्यावर मातकट हिरवा आणि वर साईसारखा पिवळा. पिवळ्याच्या पोटात लाल रंगाची एक शीर न मिसळता तशीच राहिली होती. तिनं तो खपला फिरवला. उजेड त्याच्या कडेवरून घरंगळला आणि नखाएवढ्या त्या तुकड्यात तिला टेकाड दिसलं, टेकाडामागचा ओढा दिसला, पलीकडे नांगरट दिसली. खाली माग चालू होते. फरशीची थरथर तिच्या पायांतून वर येत होती आणि हातातलं ते इवलंसं रानही वाऱ्यावर हलतंय असं तिला वाटलं. किती वेळ गेला ते कळलं नाही. गुरू चहाचा कप ठेवून गेला होता, त्यावर साय धरली होती.

मग तिनं ब्रश नव्यानं बांधायला घेतले. खपल्यांचे जवळून फोटो काढले आणि त्यांच्या खडबडीवरून ब्रशचं टोक बनवलं. एका फटकाऱ्यात रंग संपत आला की तो तुटला पाहिजे, खालच्या थराच्या उंचवट्यांवर अडकला पाहिजे आणि खोलगट जागा सोडून गेला पाहिजे, असं बसवायला तिला चार दिवस लागले. सुरी जिथं उचलली जाते तिथं रंगाला एक पातळ ओठ येतो, तोही तिनं बसवला. पाचव्या दिवशी तिनं शाळूचं एक कणीस काढलं. सर खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ आले, मग मागं झाले.

"हं," ते म्हणाले. त्या दिवशी एवढंच.

*

मेंढरं सुरू करायच्या आधी तिनं घरी फोन लावला. आईनं, मायाक्कानं, उचलला. ती मेंढरांच्या वाड्यावर होती, मागं कोकरं ओरडत होती.

"दादा हाय का जवळ?" सुकन्यानं विचारलं.

"हाय की. का गं?"

"दे त्यास्नी."

धुळानं, तिच्या बापानं, फोन कानाला लावला. "बोल."

"दादा, उन्हाच्या वक्ताला मेंढरं कशी हुबी ऱ्हात्यात?"

"इसरलीस व्हय?"

"न्हाय. तुमच्या तोंडनं आयकायचं हाय."

धुळा हसला. "एकमेकाच्या पोटाखाली मुंडकी घालून. सावली न्हाय घावली की मेंढरू दुसऱ्या मेंढराची सावली बघतंय. वरनं बघितलं तर मुंडकं न्हाय, पाय न्हाय. नुसती पाठच."

"आन् रंग?"

"काळाच की. पर उन्हाळ्यात टोकं तांबूस पडत्यात लोकरीची. ते काय, फोटू काढायलीस का काय?"

"तसंच."

फोन ठेवल्यावर तिनं मूळ चित्राच्या फोटोत गेलेल्या भागाची कड मोठी करून पाहिली. तिथं दोन-तीन पाठी अर्ध्या उरल्या होत्या. काळ्या रंगावर, अगदी टोकाटोकाला, तांबूस ठिपके होते. ते तिनं आधीही पाहिले होते. माती सांडली असेल असं तिला वाटलं होतं.

काढणारानं मेंढरं नीट पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं चित्र टेबलावर आडवं ठेवलं, खिडकीवर काळं कापड टांगलं आणि एकच दिवा घेऊन चारी बाजूंनी, अगदी कडेवरून उजेड टाकत फोटो घेतले. असा तिरका उजेड टाकला की प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते. त्या सावल्यांवरून कुठं रंग किती उंच आहे हे कॉम्प्युटरला कळतं. चारी फोटो जुळवून तिनं रंग काढून टाकले. पडद्यावर फक्त करड्या रंगाचा उंचसखल नकाशा उरला. त्यात पिवळं ऊन नव्हतं आणि काळी लोकर नव्हती. नुसत्या हाताच्या हालचाली होत्या.

त्या करड्या रानातून ती हळूहळू फिरली. आभाळात मोठे, आडवे, निवांत हात होते. शाळूत सुरीचे फटकारे उजवीकडून वरून खाली डावीकडे आले होते, पावसाची सर कलल्यासारखे, ओळीनं, एकाच माणसाचे. ती ओळ धरून ती खाली आली. मेंढरांच्या उरलेल्या पाठींपाशी फटकारे उलटे झाले. इथं ते डावीकडून वरून उजवीकडे खाली जात होते. आखूड होते, घट्ट होते. सुरीचं फक्त टोक वापरलेलं होतं.

आणि त्या पाठींच्या जरा वर, ओल्या रंगातून कशानं तरी घासत गेलेल्या तीन बारीक रेघा होत्या. कमानीसारख्या, एकीशेजारी एक, अगदी सारख्या अंतरावर. थोडं पलीकडे पुन्हा तशाच तीन.

सुकन्यानं आपला डावा हात उचलला आणि पडद्याच्या त्या कोपऱ्यापाशी नेला, मेंढरू रंगवावं तसा. मनगट आपोआप थोडं वर टेकलं. हातात दोन काचेच्या बांगड्या होत्या. त्या पडद्याच्या काचेला लागून किणकिणल्या.

*

सर आले तेव्हा तिनं त्यांना तो करडा नकाशा दाखवला.

"ह्या रेघा कसल्या आहेत सर?"

सरांनी चष्मा लावला, काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "भेगा असतील. जुना रंग आहे. भरून टाक."

"भेग अशी गोल जात नाही सर. आणि हे फटकारे बघा. वरचे सगळे तुमचे आहेत. हे उलट्या हाताचे आहेत."

खाली एक माग थांबला. तेवढ्या जागेत रस्त्यावरच्या टमटमचा हॉर्न ऐकू आला. सरांनी पिशवी उचलली, फोटो आत ठेवला आणि कठड्याला धरत जिना उतरून गेले.

तिसऱ्या दिवशी आले नाहीत. पाचव्या दिवशीही आले नाहीत.

"काय बोललीस त्यांना?" गुरूनं विचारलं. तिनं सांगितलं. गुरू बराच वेळ पेन्सिल टेबलावर वाजवत राहिला. "बरोबर बोललीस की चुकीचं बोललीस, मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण बोललीस ते बोललीस. आता थांब."

ती थांबली. त्या दिवसांत तिनं टॉवेलांच्या किनारी काढल्या. पण संध्याकाळी खोलीवर जाताना कंबर तलावाच्या कडेनं चालत गेली की पाण्यावरचं ऊन तिला सुरीनं ठेवल्यासारखं दिसायचं. जाड, चोळलेलं नाही असं. समोरून येणाऱ्या बायकांची मनगटं ती पाहायची. कुणाच्या बांगड्या डाव्या हातात जास्त झिजल्यात हे पाहायची. आपण एका परक्या बाईला शोधतोय आणि ती कशी दिसते ते आपल्याला माहीत नाही, असं तिच्या मनात यायचं.

सातव्या दिवशी सर आले. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "रंभाबाई. माझी बायको. डावखुरी होती."

सुकन्या खुर्ची ओढून समोर बसली.

"मला मेंढरं जमत नव्हती," सर म्हणाले. "रान जमलं, आभाळ जमलं. मेंढरं काढली की दगड वाटायची. तीनदा खरवडली. मग मला दहा दिवस ट्रेनिंगसाठी सोलापूरला यावं लागलं. परत गेलो तर कळप रानात उभा होता. ती म्हणाली, नको असेल तर खरवडा, रंग अजून ओला हाय."

"त्यांना कुणी शिकवलं होतं?"

"कोण शिकवणार? मी मुलांना घरी शिकवायचो, ती तिथं भाकऱ्या थापत असायची. बघत असेल." सर थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिले. "प्रदर्शनाला माझ्या नावानं दिलं. सगळे मेंढरांबद्दलच बोलले. शाळूबद्दल एक जण बोलला नाही. घरी येऊन मी तिला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं की. एवढंच. तिनं कधी मागितलं नाही. म्हणून मी कधी दिलं नाही. जाऊन नऊ वर्षं झाली तिला."

"पुढं त्यांनी काढलं नाही?"

"मी म्हणायचो, काढ की. तर म्हणायची, येळ कुटाय."

मग सर म्हणाले, "त्या रेघा भरू नकोस."

*

आता हात कुणाचा ते कळलं होतं. म्हणून सुकन्यानं पेन डाव्या हातात घेतला.

पहिले दोन दिवस नुसती गिरगट झाली. पण डावा हात उजव्यासारखा चलाख नसतो, त्याला घाई करता येत नाही, आणि त्या संथपणातूनच काहीतरी यायला लागलं. आधी सावली घातली, पातळ, कापड दिसेल अशी. त्यावर काळा, पण नुसता काळा नाही. निळा आणि विटकरी अर्धवट मिसळून झालेला काळा. ब्रश कोरडा होत आला की तो खालच्या थरावर अडकायचा आणि लोकरीचा पुंजका आपोआप उभा राहायचा. मग शेवटी उन्हाचे ते तांबूस ठिपके, टोकानं, जाड, एकदाच ठेवलेले.

दुपारी ऊन खिडकीतून आत यायचं. कूलर घरघरायचा. कधीकधी तिला वाटायचं, आपण मेंढरांच्या मागं उभ्या आहोत, पायाखाली शाळूची धसकटं टोचतायत, आणि आपल्या पुढं एक बाई पाठमोरी बसली आहे. पदर खोचलेला, डावा हात चालू. ती वळून बघत नव्हती. सुकन्यालाही तिनं वळावं असं वाटत नव्हतं. बाईचा हात थांबला की हिचा थांबायचा. कोकराच्या अंगाचा, उन्हानं तापलेल्या लोकरीचा वास त्या दोन खोल्यांत कुठून यायचा कोण जाणे. एकदा गुरू दारात उभा राहून म्हणाला, "हाका मारतोय कवापासनं." तिला एकही ऐकू आली नव्हती.

सतरा मेंढरं झाली. फोटोत साधारण तेवढीच दिसत होती. मुंडकं एकाचंही दिसत नव्हतं.

एक प्रश्न उरला होता. नवीन भागातही बांगडीच्या रेघा काढायच्या का? काढणं सोपं होतं. उरलेल्या भागातल्या रेघा उचलून इथं ठेवल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं. तिनं एकदा ठेवूनही पाहिल्या. चांगल्या दिसत होत्या. मग तिनं त्या पुसल्या. त्या बाईचा हात जिथं खरंच टेकला होता तिथंच त्या असू देत, असं तिला वाटलं. सरांनाही तिनं तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"आता नाव," सर म्हणाले. उजव्या कोपऱ्यात त्यांची जुनी सही होती, ठळक, झोकदार. "तिचं पण पाहिजे. तू लिही डाव्या हातानं."

"मी नाही लिहिणार सर. तुम्ही लिहा."

तिनं त्यांच्या हातात पेन दिला. हात टॅब्लेटवर टेकला आणि पडद्यावर भूकंपाची असावी तशी रेघ उमटली. सरांनी पेन ठेवून दिला.

"एक सोय आहे सर. हात हलला तरी रेघ सरळ येते. कॉम्प्युटर हाताचा थरथराट गाळून टाकतो. पण काही लोकांना ते खोटं वाटतं. तुमचं अक्षर तुमच्यासारखंच दिसावं असं वाटत असेल तर राहू द्या तसंच."

सरांनी विचार केला. "लाव ती सोय," ते म्हणाले. "माझा हात असा तिनं पाहिलेला नाही."

चार वेळा लिहावं लागलं. पेन पुढं जायचा आणि रेघ त्याच्या मागून, जरा उशिरानं, सावकाश यायची, जशी ओल्या रंगातून सुरी येते. चौथ्या वेळी मेंढरांच्या खाली 'रंभा' उमटलं, जाड पिवळ्या रंगात. अनुस्वाराचा ठिपका शाळूच्या दाण्याएवढा झाला. सर तो मोठा करून बघ म्हणाले. मग आणखी मोठा करून बघ म्हणाले.

*

वळसंगला चित्र लावलं त्या दिवशी फार लोक नव्हते. वाचनालयाचे दोघे-तिघे, सरांचे काही जुने विद्यार्थी, आणि रंभाबाईंची धाकटी बहीण मथुराबाई. ती गावातच राहत होती. गुरू यायला मोकळा नव्हता, म्हणून सुकन्या सरांबरोबर एसटीनं आली होती.

सर बोलायला उभे राहिले आणि चित्रात मेंढरं कुणी काढली ते त्यांनी सांगितलं. प्रशस्तिपत्र त्या मेंढरांसाठीच मिळालं होतं, हेही सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका विद्यार्थ्यानं, तो आता पन्नाशीचा असेल, विचारलं, "म्हंजे बाई काढायच्या?" सर म्हणाले, "एकदाच काढलं." आणि खाली बसले.

मथुराबाई भिंतीपाशी गेली. तिनं मेंढरांवरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं.

"दिसतंय उंच," ती म्हणाली, "पर हाताला लागत न्हाय की."

"छापलेलं आहे मावशी," सुकन्या म्हणाली.

"आस्सं व्हय." मथुराबाईनं बोट पदराला पुसलं. मग सरांकडे वळली. "दाजी, एकदाच काढलं म्हणालात. हिनं आमच्याकडं बी काढलंय की."

सर उठून उभे राहिले.

"चला घरी. जवळच हाय."

मथुराबाईचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. आतल्या खोलीत गव्हाच्या पोत्यांमागं भिंतीला एक फळी टेकवलेली होती. खिडकीचं दार मोडलं होतं तेव्हा तिथं लावायला आणली होती म्हणे. तिनं आणि सुकन्यानं मिळून पोती सरकवली आणि फळी उचलून अंगणाच्या उजेडात आणली. मथुराबाईनं पदरानं धूळ झटकली.

फळीवर रंगवलेली अंगणातली बाज होती. बाजेवर पांढरी वाकळ पांघरून एक म्हातारी निजली होती, पाठमोरी. बाकी काही नव्हतं. सगळा उजेड वाकळेवर होता आणि तो इतका जाड ठेवला होता की तिच्या घड्यांत बोटाचं पेर मावलं असतं. बाजेखालची सावली मात्र नुसती पुसल्यासारखी होती, लाकडाच्या रेषा दिसत होत्या. फटकारे डावीकडून वरून उजवीकडे खाली गेले होते.

"आई आजारी होती तवा म्हैनाभर आलती बघा," मथुराबाई म्हणाली. "दुपारी आई निजली की काढत बसायची. रंग पिशवीतनं आणलं होतं. मला म्हणली, दाजीस्नी सांगू नगं, पांढरा रंग समदा संपवलाय मी."

सर खाली बसले, अंगणातल्या फरशीवरच. त्यांना बसायला दोघींनी हात दिला. "ती ट्यूब," ते म्हणाले. "मी विचारलं होतं तिला. म्हणाली, वाळली होती, टाकून दिली."

त्यांनी हात पुढे केला. बोटं थरथरत वाकळेवर टेकली. रंगाच्या उंचवट्यांवरून ती अडखळत, अडकत, सावकाश खाली गेली. सुकन्या बाजूला उभी राहिली. अंगणात ऊन तिरकं झालं होतं आणि फळीवरच्या प्रत्येक घडीची सावली हळूहळू लांब होत होती.

"साडेपाचची गाडी हाय न्हवं तुमची?" मथुराबाईनं विचारलं. "च्या ठेवू का, का उशीर हुईल?"

सरांनी मान वर केली नाही.

"ठेवा मावशी," सुकन्या म्हणाली. "पुढच्या गाडीनं जाऊ."